घरी बांधलेल्या विमानाची केबिन हवाबंद केली तर दाब टिकेल का?

तुमचं विमान दोन आसनी, डोक्यावर सरकती कॅनॉपी, म्हणजे पारदर्शक छत. उडताना मानेवर गार वारा लागतो, कॅनॉपीच्या पुढच्या कडेला शिट्टी वाजते आणि समोरचा व्हेंट (हवेचा झरोका) पूर्ण उघडला तरी तोंडावर जेमतेम झुळूक येते. सगळ्या फटी बुजवल्या तर आत थोडा दाब टिकून उंचीवर दम कमी लागेल का, असं तुम्ही विचारलंय.

दम लागण्याबद्दल आधी सांगतो: काही फरक पडणार नाही. ताशी २८० किलोमीटर वेगाला समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब समुद्रसपाटीजवळ सुमारे ३७ हेक्टोपास्कल भरतो. तो सगळाच्या सगळा केबिनमध्ये साठवता आला, तरी फायदा हजार फुटांचा. प्रत्यक्षात त्याचा लहानसा हिस्साच मिळतो. उंचीवर जायचं तर ऑक्सिजनची बाटली घ्या.

फटींचं मात्र ऐका. तुमच्या केबिनमध्ये बहुतेक बाहेरच्यापेक्षा दाब कमी आहे, जास्त नाही. कॅनॉपीच्या फुगवट्यावरून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि फटींतून केबिनमधली हवा वर ओढली जाते. शिट्टी वाजते ती हवा बाहेर जाताना. तिची भरपाई शेपटीकडून होते: रडरच्या (शेपटीच्या उभ्या, हलत्या पात्याच्या) केबलची खाच, एलेव्हेटरच्या (आडव्या पात्याच्या) पुशरॉडचं, म्हणजे ते हलवणाऱ्या दांड्याचं भोक, पंखाच्या मुळाशी फ्लॅपच्या (पंखाच्या मागच्या झुकत्या पट्टीच्या) दांड्याची जागा. ती हवा शेपटीच्या पोकळीतून आसनामागे येते आणि तुमच्या मानेवर पडते. मानेजवळ भोक शोधत बसलात तर सापडणार नाही.

हे तपासायला नवं उपकरण लागत नाही. विमानात पर्यायी स्टॅटिकची झडप (बाहेरचा दाब घेणारं छिद्र बंद पडलं तर उंची आणि वेगाच्या उपकरणांना दुसरीकडून दाब देणारी) असेल आणि ती केबिनमध्ये उघडत असेल, तर सुरक्षित उंचीवर, स्थिर वेगात, शेजारी दुसरा वैमानिक असताना ती उघडा. अल्टिमीटर (उंची दाखवणारं उपकरण) १०० फूट वर गेला, तर आतला दाब साधारण पावणेचार हेक्टोपास्कलने कमी आहे. त्याच वेळी वेगाचा काटाही खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. वर सांगितलेल्या वेगाला जवळपास १४ किलोमीटरने. व्हेंट उघडून आणि बंद करून, दोन्ही आकडे लिहून ठेवा. अल्टिमीटरचा काटा उलटा, खाली गेला, तर केबिनमध्ये दाब जास्त आहे आणि माझं निदान तुम्हाला लागू नाही.

कॅनॉपीची एक गंमत जमिनीवर कळत नाही. एक चौरस मीटर काचेवर त्या आदळत्या दाबाच्या निम्मं जरी शोषण झालं, तरी काच वर ओढणारं बल जवळपास १९० किलो वजनाइतकं होतं. कॅनॉपी काही मिलिमीटर उचलली जाते, बाजूचे पत्रे बाहेर फुगतात, आणि हँगरमध्ये कागद सरकणार नाही इतकी घट्ट बसलेली कड हवेत उघडी पडते. म्हणून तिथे चपटी फोमपट्टी चालत नाही. पोकळ रबराची, दाबली तर बसणारी आणि सुटली तर फुगून मागे येणारी पट्टी लावा.

पण सुरुवात कॅनॉपीपासून करू नका. आधी फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत. कमी दाबाची केबिन इंजिनच्या बाजूनेही हवा ओढते, आणि त्या हवेत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं, आणि त्याला वास नसतो. एक्झॉस्ट पोटाखाली सुटतो, तो पोटाला चिकटून मागे वाहतो आणि शेपटीच्या त्याच भोकांतून आत येऊ शकतो. तारा आणि केबल जिथून आत येतात ती प्रत्येक जागा आगीला टिकणाऱ्या सीलंटने भरा. स्वयंपाकघराचं सिलिकॉन तिथे नको. हा वायू आला की रंग बदलणाऱ्या चिकटपट्टीवर माझा भरवसा नाही. आवाज करणारा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर बसवा.

मग शेपटीकडचा बल्कहेड (आडवी भिंत), पुशरॉडभोवती कापडी किंवा चामडी बूट (लवचीक आवरण), आणि शेवटी कॅनॉपी. भोकं शोधायला रात्री केबिनमध्ये प्रखर दिवा लावून बाहेरून फिरून बघा. जिथून प्रकाश दिसेल तिथे टेप चिकटवून खूण करा. बूट बसवल्यावर कंट्रोल पूर्ण हलवून पाहा, कुठेही अडकता कामा नये.

सगळं बुजवल्यावर व्हेंट आणखीच मंद वाटेल. हवेला बाहेर जायला वाट नसेल तर ती आत कशी येणार? पोटाच्या मागच्या भागात एक छोटी निकासाची वाट ठेवा, तिच्यापुढे ओठासारखा पत्रा, म्हणजे मागे कमी दाब तयार होतो. आत येणारं तोंड या वाटेपेक्षा मोठं असावं. तेवढ्याने केबिन किंचित जास्त दाबाकडे झुकते, आणि तुमच्या विमानाला तेवढंच पुरे.

खरी दाबाची केबिन असलेली घरगुती विमानंही आहेत. लॅन्सेअर आयव्ही-पी चौरस इंचाला ५ पाउंडांचा फरक धरतं. २४,००० फुटांवर आत साधारण ८,५०० फुटांचं वातावरण राहतं. पण तेवढ्या फरकाला अर्ध्या चौरस मीटरच्या दरवाजावर पावणेदोन टनांचा जोर येतो. ते कवच पहिल्या रेघेपासून त्यासाठी आखलेलं असतं, हवा टर्बोचार्जरकडून येते आणि सुरक्षा झडप वेगळी असते. तुमच्या सपाट बाजूंच्या पत्र्यांवर तो प्रयोग नको.

काम संपल्यावर पर्यायी स्टॅटिकची चाचणी पुन्हा करा आणि पॅनलवरचा दुरुस्तीचा तक्ता (ती झडप उघडल्यावर काटे किती चुकतात ते सांगणारा) बदला. जुने आकडे आता चुकीचे ठरतील, आणि गरज पडली की तुम्ही त्याच आकड्यांवर उतरणार आहात.