पार्ट-टाइम नोकरी बघताना पगार दुसऱ्या नंबरवर ठेव

चि. सौ.,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या दोन्ही ऑफर नीट वाचल्या. घणसोलीचे 14,000 देतायत, रबाळेचे 12,000, म्हणून तुझा कल घणसोलीकडे. मी म्हणेन, रबाळे घे. फोनवर आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून लिहूनच कळवते.

जावई टॅक्सी चालवतात, त्यांना ना पीएफ, ना मेडिक्लेम. आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या दर महिन्याच्या, त्यात पोरगं दोन वर्षांचं. चौघांना आजारपणात काही आधार मिळायचा असेल तर तो तुझ्याच नोकरीतून. मग नोकरीही त्याच हिशोबाने बघायला हवी.

घणसोलीवाले तुला कामावर घेतच नाहीयेत. तू दर महिन्याला त्यांना बिल द्यायचं, ते 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, वजा करून पैसे देणार. हातात 12,600. टीडीएस रिटर्न भरून परत मिळेल, पण पीएफ नाही, ईएसआय म्हणजे नोकरदारांचा सरकारी आरोग्य विमा नाही, आजारी पडलीस तर त्या दिवसांचे पैसेही नाहीत. एवढी वर्षं पेरोल सांभाळताना मी अशी पत्रं ढिगाने पाहिली आहेत. वेळ त्यांची, खुर्ची त्यांची, साहेबही त्यांचा, फक्त रजिस्टरमध्ये तुझं नाव नाही.

रबाळेच्या डिस्पॅच ऑफिसात तू पेरोलवर, म्हणजे पगारपत्रकावर असशील. 12,000 वर तुझे ईएसआयचे 0.75 टक्के म्हणजे 90 रुपये, आणि पूर्ण रकमेवर पीएफ कापला तर 1,440. महाराष्ट्रात 25,000 पर्यंत पगार असलेल्या बाईला प्रोफेशनल टॅक्स नाही. हातात 10,470 येतील. दोन हजारांनी कमी, खरं आहे. पण कंपनी स्वतःच्या खिशातून ईएसआयचे 390 आणि पीएफचे 1,440 भरते. तिच्या पीएफमधला मोठा वाटा पेन्शन फंडात जातो. शिवाय पीएफच्या खात्याला जोडलेला विमा असतो. नोकरीत असताना काही बरं-वाईट झालं तर घरच्यांना 7 लाखांपर्यंत मिळू शकतात. असलं बोलू नये म्हणतात, पण पोटी पोर असलेल्या माणसाने बोलावं.

पार्ट-टाइमला ईएसआय लागू होत नाही, असं तुला तिथल्या कोणीतरी सांगितलं ना? चूक आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील आणि पगार महिना 21,000 पर्यंत असेल तर अर्धवेळ माणूसही त्यात येतो. एजन्सीमार्फत घेतलं तरी येतो. उलट पार्ट-टाइमचा पगार सहसा त्या मर्यादेच्या आतच बसतो. कार्डावर नवरा, मूल आणि तुझ्यावर अवलंबून असलेली आई, तिघांचीही नावं घालता येतात. औषधपाणी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. मोठ्या, खर्चिक उपचारांना मात्र आधी काही महिने वर्गणी भरलेली लागते, तेव्हा कार्ड मिळालं की सगळं मिटलं असं समजू नकोस.

आता कामाच्या दिवसांबद्दल. तुला आठवड्यातून तीन दिवस पूर्णवेळ हवंय, रबाळेवाले रोज पाच तास म्हणतायत. तू रोजचंच घे. आजारपणाच्या रजेत पगाराच्या 70 टक्के रक्कम ईएसआय वर्षाला 91 दिवसांपर्यंत देतं, पण त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. हे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे ठरलेले असतात. आठवड्याला तीन दिवस म्हणजे 26 आठवड्यांत बरोबर 78. पोराला ताप आला आणि एक दिवस बिनपगारी राहिलीस की गेलं. रोज अर्धा दिवस गेलीस तर दिवस आपोआप भरतात. पुढे दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, तिला आधीच्या दोन वर्गणी काळांत मिळून 70 दिवस लागतात.

रोज जायचं म्हणजे कळव्याहून आधी उलटं ठाण्याला यायचं आणि तिथून ट्रान्सहार्बरची लोकल पकडायची. मान्य, त्रास आहे. म्हणून वेळ 11 ते 4 मागून घे, दोन्ही बाजूंची गर्दी टळेल.

ईएसआयचं कौतुक ऐकून हुरळून जाऊ नकोस. वागळे इस्टेटच्या किंवा वाशीच्या हॉस्पिटलमध्ये रांग असते, एक कागद कमी पडला तर परत फेरी. आईच्या रोजच्या गोळ्यांसाठी कळव्यातच जवळचा ईएसआयच्या यादीतला पॅनेल डॉक्टर मिळतोय का बघ, म्हणजे दर महिन्याला तिला तिकडे न्यावं लागणार नाही.

इंटरव्ह्यूत पगाराची घासाघीस शेवटी कर. आधी विचार, माझं नाव कोणाच्या पेरोलवर, कंपनीच्या की एजन्सीच्या? पीएफ कितीवर कापणार? एकूण माणसं किती? पीएफ साधारण वीस माणसांपासून लागतो. पन्नास किंवा जास्त असतील तर कायद्याने पाळणाघराची सोय द्यायला हवी, आणि दिवसातून चार वेळा पोराला बघून यायची मुभाही. हे विचारताना लाजू नकोस. उत्तर टाळलं तर ते टाळणंच उत्तर समज. आणि नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणारा भेटला तर तिथूनच नमस्कार कर.

शनिवारी इंटरव्ह्यूला जाताना चौघांची आधार कार्डं आणि तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, बरोबर ने. लग्नाआधीच्या नोकरीत मिळालेला नंबर आहे ना, तोच चालतो, नवा काढू देऊ नकोस. रुजू झाल्यावर दर महिन्याला उमंग ॲपवर पीएफचं पासबुक बघत जा. स्लिपवर कापलेले पैसे तिथे जमा दिसत नसतील तर दोन महिने वाट बघू नकोस, लगेच लेखी विचार. आणि अपॉइंटमेंट लेटर हातात पडेपर्यंत संध्याकाळच्या शिकवण्या सोडू नकोस.

तुझी,
मावशी