वीज क्षेत्रात सुरक्षा प्रशिक्षक व्हायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालाय, 33/11 केव्ही उपकेंद्रात (33,000 व्होल्टची वीज 11,000 वर आणणारं केंद्र) यंत्रचालक म्हणून आठ वर्षं काढलीत आणि आता सुरक्षा प्रशिक्षणाकडे वळायचंय. कोर्स कोणता करावा, दिवसभराचं काम काय असतं, आणि निम्मं आयुष्य खांबावर काढलेला लाइनमन तुमचं का ऐकेल? मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण खरं काम तिथेच आहे. मी स्वतः आधी लाइनवर होतो, मग उपविभागात आणि आता बरीच वर्षं प्रशिक्षणात आहे.

लाइनमन तुमचं ऐकेल, पण त्याला पाठ असलेलंच पुन्हा ऐकवलंत तर नाही ऐकणार. परमिट (लाइन बंद करून कामाला दिलेली लेखी परवानगी) घ्या, लाइन डिस्चार्ज करा (तारेत उरलेला चार्ज जमिनीत सोडा), हेल्मेट घाला, झुला (खांबावर स्वतःला बांधून घ्यायचा पट्टा) बांधा हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मी ज्या चौकशांमध्ये बसलो, त्यांत नियमच माहीत नव्हता असं क्वचितच निघालं. नियम माहीत होता, पण त्या संध्याकाळी त्या खांबावर तो मोडायला काहीतरी कारण झालं. वळवाचा पाऊस, गावात अंधार, सरपंचाचा तिसरा फोन, वरून ‘अजून किती वेळ?’ ही विचारणा, आणि टीममधला एकुलता एक डिस्चार्ज रॉड दुसऱ्या फिडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या दुसऱ्या लाइनवर) गेलेला. अशा वेळी माणूस काय करतो आणि का करतो, हे समजून घेऊन त्यावर शिकवायचं असतं. ‘निष्काळजीपणा’ एवढं लिहून अहवाल बंद करणारा प्रशिक्षक पुढच्या माणसाला वाचवू शकत नाही.

तुम्ही यंत्रचालक आहात म्हणून एक गोष्ट सविस्तर सांगतो. वर्गात हमखास प्रश्न येतो, ‘परमिट घेतलंय ना साहेब, मग पुन्हा टेस्ट कशाला?’ प्रश्न प्रामाणिक असतो, त्याला रागावून उत्तर देऊ नका. तुम्ही उपकेंद्रात ब्रेकर उघडलात म्हणजे सप्लाय तोडलात, आयसोलेटर उघडून तो तुटल्याचं डोळ्यांना दिसेल असं केलंत, लाइन जमिनीला जोडून अर्थिंग केलंत आणि परमिट दिलंत. तुमच्या बाजूने सगळं चोख आहे. तरी पुढे लाइनवर एबी स्विचचं (खांबावरून लाइनचा पुढचा भाग तोडणारा तीन पात्यांचा स्विच) एक पातं अडकून बंदच राहिलेलं असू शकतं आणि पलीकडून दुसऱ्या फिडरचा सप्लाय येत असू शकतो. एकाच खांबावरून दोन फिडर गेले असतील तर वरचा चालू आणि खालचा बंद असतो. शेजारून जाणाऱ्या उच्चदाबाच्या लाइनचं इंडक्शन असतं, म्हणजे जोडलेली नसतानाही तारेवर दाब येतो. आणि हल्ली सर्वांत फसवा प्रकार म्हणजे एखाद्या मंगल कार्यालयाने चेंजओव्हर स्विच (जनरेटर आणि बाहेरची लाइन एकमेकांना जोडू न देणारा) न बसवता लावलेला जनरेटर. लघुदाबाच्या बाजूने वीज उलटी शिरली की तोच ट्रान्सफॉर्मर ती चढवतो आणि तुम्ही बंद केलेल्या 11 केव्हीच्या तारेवर जीवघेणा दाब येतो. उपकेंद्रातून दिलेल्या परमिटला यातलं काहीच दिसत नाही.

हे फळ्यावर समजावलं की सगळे माना डोलावतात. म्हणून आमच्या सरावाच्या यार्डात एक प्रयोग ठेवलाय. तिथली लाइन कुठेच जोडलेली नाही. एबी स्विचचं मधलं पातं आम्ही आधीच अडकवून ठेवतो आणि टीमला सांगतो, ‘स्विच उघडा, कुलूप लावा आणि कामाला लागा.’ एक जण हँडल ओढतो, खटका ऐकू येतो, कुलूप लागतं. बहुतेकांची नजर हँडलवरच असते. मान वर करून तिन्ही पाती मोजणारा एखादाच निघतो. टीम खांबाशी पोहोचली की मी काहीही न बोलता वर बोट दाखवतो. त्यानंतर टेस्ट का करायची यावर मला व्याख्यान द्यावं लागत नाही.

अर्थिंगही असंच हातानेच शिकवा. आधी जमिनीकडचं टोक पक्कं, मग रॉडने तारा, जवळची तार आधी. काढताना बरोबर उलट. क्रम चुकला तर तारेवरचा चार्ज हातातल्या मोकळ्या टोकातून माणसात उतरतो. अर्थिंग कामाच्या दोन्ही बाजूंना हवं. एक बारीक गोष्ट नुसतं वाचून लक्षात येत नाही: क्लॅम्प रंगवलेल्या किंवा गंजलेल्या अँगलवर नुसता चिमटला, तर दिसायला अर्थिंग झालेलं असतं, प्रत्यक्षात नसतं. रंग किंवा गंज खरवडून धातू उघडा करायचा आणि मगच क्लॅम्प आवळायचा. हे प्रत्येकाकडून स्वतःच्या हाताने करून घ्या, दुसऱ्याचं बघून चालत नाही.

हातमोज्यांबद्दलही एकदा स्पष्ट बोला. रबरी मोज्यांचे वर्ग असतात: वर्ग 0 चा मोजा 1,000 व्होल्टपर्यंत, वर्ग 2 चा 17,000 पर्यंत, वर्ग 3 चा 26,500 पर्यंत. म्हणजे 11 केव्हीवर चालणारा मोजा 22 केव्हीच्या लाइन असलेल्या भागात चालेलच असं नाही. मनगटाकडून गुंडाळत आत हवा कोंडायची आणि मोजा कानाशी धरून गळतीचा आवाज ऐकायचा, ही तपासणी रोजच्या रोल कॉलला व्हायला हवी. आणि मोजे आहेत म्हणून चालू लाइनला हात लावायचा परवाना मिळत नाही, हेही त्याच दमात सांगा.

सर्वांत महत्त्वाचं माझ्या मते वेगळंच आहे. काम थांबवण्याचा अधिकार कागदावर सगळ्यांना असतो. पण ठेकेदारामार्फत आलेला बाह्यस्रोत कर्मचारी, ज्याचं पुढच्या महिन्याचं काम कुणाच्या तरी मर्जीवर आहे, तो साहेबांना ‘अर्थिंग नाही, चढणार नाही’ असं कसं म्हणेल? त्याला एकट्याला बसवून कितीही शिकवा, उपयोग नाही. म्हणून मी शाखा अभियंत्यांना आणि शक्य तिथे ठेकेदाराच्या पर्यवेक्षकालाही त्याच वर्गात बसवतो आणि त्यांच्या तोंडून, सगळ्यांसमोर, ‘अर्थिंग नसेल तर चढायचं नाही, उशिराची जबाबदारी माझी’ हे वदवून घेतो. अभियंत्यांना वगळून घेतलेलं सुरक्षा प्रशिक्षण वाया जातं, हे माझं ठाम मत आहे. तुम्हाला वरिष्ठांकडून एकच गोष्ट मागून घ्यायची असेल तर प्रोजेक्टर नको, ही मागा.

सीपीआर (हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार) प्रत्येक सत्रात घ्या. मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, आणि त्याच्याही आधी सप्लाय बंद. पुतळ्यावर दोन मिनिटं सलग दाब दिले की धडधाकट माणसालाही घाम फुटतो. म्हणून आळीपाळीने द्यायची सवय लावा. झुल्यात लटकलेल्या माणसाला खांबावरून खाली उतरवण्याचा सरावही घ्या. तो फारच कमी ठिकाणी होतो, याची मला खंत वाटते.

कायद्याचा भाग वाचून होण्यासारखा आहे. विद्युत कायदा 2003 मधली कलमं 53 आणि 161, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम. 2010 चे जुने झाले, त्यांच्या जागी 2023 चे आलेत, तेव्हा जुन्या पीडीएफवर विसंबू नका. अपघाताची पहिली खबर विद्युत निरीक्षकांना 24 तासांत आणि लेखी अहवाल 48 तासांत जातो. चौकशीत प्रशिक्षणाच्या नोंदी मागितल्या जातात, म्हणून हजेरीपटाबरोबर कोणी काय करून दाखवलं हेही लिहून ठेवा.

आता कोर्स. एडीआयएस, म्हणजे औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका, मुंबईत सायनच्या मध्यवर्ती श्रम संस्थेत होते. कारखान्यात किंवा वीजनिर्मिती केंद्रात सुरक्षा अधिकारी व्हायचं असेल तर ती कराच. वितरणात प्रशिक्षक व्हायला मात्र लाइनचा अनुभव जास्त मोजला जातो. तुमची आठ वर्षं उपकेंद्राच्या आतली आहेत, तेव्हा वरिष्ठांना विचारून मान्सूनपूर्व देखभालीच्या दिवसांत लाइनच्या टीमबरोबर फिरा. नागपूरच्या राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्थेचे अल्पमुदतीचे वर्गही बघून ठेवा.

लोकांमध्ये जाऊन बोलणं हाही या कामाचा मोठा भाग आहे. देशात दरवर्षी विजेच्या धक्क्याने 12,000 च्या वर माणसं दगावतात आणि त्यांत आपल्या खात्याबाहेरचीच बहुसंख्य असतात. रात्रीच्या शेतीपंपाच्या वेळेत फ्यूज गेला म्हणून डीपीवर (ट्रान्सफॉर्मरजवळच्या फ्यूजच्या पेटीत) स्वतःच हात घालणारा शेतकरी, पत्र्याच्या घरात तारेवर ओले कपडे वाळत घालणारी बाई. ग्रामसभेत घरात 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) बसवा एवढं एक नीट समजावलंत तरी पुष्कळ. तो लघुदाबावरच काम करतो, तुटून पडलेल्या 11 केव्हीच्या तारेपासून वाचवत नाही, हेही सांगायला विसरू नका.

अडचणीही सांगतो. प्रवास भरपूर आहे. पावसाळ्यात माणसं सोडायला कुणी तयार नसतं, म्हणून वर्ग फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कोंबावे लागतात. आणि टळलेला अपघात कुठल्याच तक्त्यात दिसत नसल्यामुळे बजेट मागताना दरवेळी झगडावं लागतं. तरीही हे काम सोडावं असं मला कधी वाटलं नाही.

सुरुवात तुमच्याच उपकेंद्रातून करा. परमिटचं रजिस्टर काढा आणि गेल्या पावसाळ्यातली पानं बघा: काम संपल्यावर किती परमिटं फोनवर परत केली गेली, किती ठिकाणी परत केल्याची वेळ आणि चार्जिंगची (लाइन पुन्हा चालू केल्याची) वेळ एकच आहे, कुठे टीममधल्या माणसांची संख्याच लिहिलेली नाही. नावं झाकून तेवढ्यावरच लाइनच्या टीमसमोर पहिला तास घ्या. त्याचा आराखडा तयार झाला की इथे टाका, मी वाचून सांगतो.