हॉल आणि किचनमधली लाकडी अर्धी भिंत हलू नये म्हणून फ्रेम कशी करून घ्यावी?

तुम्हाला 6 फूट लांब आणि साडेतीन फूट उंच भिंत हवी आहे. तिचं एक टोक जुन्या भिंतीला लागेल, दुसरं मोकळं राहील. सुतार म्हणतो, लादीला भोक नको, सिलिकॉनवर उभी राहील. त्याचं ऐकू नका. पहिले काही दिवस राहील उभी, पण येणारा-जाणारा कोपर टेकणारच, आणि मग मोकळं टोक डुलायला लागेल.

मी मुंबईत इंटिरियरची कामं करतो. अर्ध्या भिंतीची खरी मेख त्या मोकळ्या टोकातच आहे. पूर्ण भिंत वर छताला अडकते, हिला वरून काहीच आधार नाही. टोक नीट धरलं नाही, तर कितीही महागाचं सागवान घाला, उपयोग नाही.

लादी अजून बसायची असेल तर काम सोपं आहे. टोकाला 2 इंची चौकोनी लोखंडी पाइप उभा करा. त्याच्या खाली 6 मिमी जाडीची, 6 बाय 6 इंची प्लेट वेल्ड करून घ्या आणि ती थेट स्लॅबवर चार अँकर फास्टनरने (काँक्रीटच्या भोकात घट्ट बसणाऱ्या बोल्टने) आवळा. नंतर प्लेट लादीखाली झाकली जाते. लादी आधीच बसली असेल, तर तेवढाच तुकडा कटरने कापून हेच करता येतं. तेही नको असेल, तर टोकाशी भिंतीला फूटभर काटकोनात वळवा. पाय रुंद झाला की आडवा हेलकावा बराच कमी होतो.

खालची पट्टी लादीवरूनच ठोकायची असेल तर फास्टनरची लांबी बघा. लादी आणि तिच्याखालचा माल मिळून 2 इंच सहज होतात, म्हणजे अडीच इंची फास्टनर जेमतेम काँक्रीटला टेकतो. लादीच्या वरून मोजून भोक 4 इंच खोल हवं, आणि पट्टीची जाडी धरून फास्टनर त्या हिशोबाने लांब घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात हव्या त्या लांबीचे मिळतात. त्याहून खोल मात्र जाऊ नका. फ्लॅटचे स्लॅब साधारण 4-5 इंचांचे असतात आणि खालच्या घराच्या पंख्या-दिव्यांच्या वायरी त्यातूनच गेलेल्या असतात. ड्रिलच्या बिटवर 4 इंचांची खूण म्हणून टेप गुंडाळा. लादीतून जाताना हॅमर बंद ठेवून टाइलचं बिट नुसतं फिरवा, लादी पार झाली की बिट बदलून हॅमर चालू करा. भोकातली पूड काढल्याशिवाय फास्टनर घालू नका, पकड येत नाही. आणि जमिनीतून पाण्याची लाइन कुठून गेली आहे, हे प्लंबरला आधी विचाराच.

फ्रेमला 2 बाय 3 इंची लाकूड पुरे, उभ्या पट्ट्या 16 इंचांवर. दोन्ही बाजूंनी 12 मिमी प्लाय लावा, फेव्हिकॉल आणि स्क्रूने. खिळे नकोत. दोन्ही बाजू चिकटल्या की सगळी भिंत पेटीसारखी एकसंध होते, तिचा पीळ जातो. 8 बाय 4 फुटी एक शीट एका बाजूला पुरते, उगाच सांधा काढू नका. दुसरी बाजू चिकटवण्याआधी ओळंबा लावून बघा, नंतर काही हलत नाही.

लाकूड वखारीतून आणलं की लगेच कापायला घेऊ देऊ नका, विशेषतः पावसाळ्यात. ओलं लाकूड दिवाळीनंतर सुकतं आणि सांधे उघडतात. आठ-दहा दिवस घरात आडवं, हवा लागेल असं ठेवा. खालची पट्टी रोज लादी पुसताना भिजते, त्यामुळे ती तरी सागवानाची घ्या, वाळवीचं औषध मारा आणि बाहेरून ग्रॅनाइटची स्कर्टिंग लावा.

वर ग्रॅनाइट घालणार असाल, तर 18 मिमीचा दगड चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतो. फूटभर रुंदीला ही फ्रेम तो आरामात पेलेल. त्याहून बाहेर काढायचा असेल तर खालून लोखंडी ब्रॅकेट द्या, आणि ते प्लायला नको, उभ्या पट्ट्यांनाच कसा. मिक्सरचा पॉइंट हवा असेल तर भिंत बंद होण्याआधीच वायरीचा पाइप टाकून घ्या.