दारात भरलेली पंचायत कार्यालयात न्या

मावशी,
मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची अध्यक्षा. महिला राखीव जागेवरून निवडून आले, आता सव्वा वर्ष होत आलं. सकाळी गॅस पेटवायच्या आत दारात माणूस उभा. कुणाला पाणी आलेलं नसतं, कुणाचे गृहलक्ष्मी योजनेचे, म्हणजे घरातल्या कर्त्या बाईला सरकारकडून मिळणारे, पैसे जमा नसतात, कुणाचं रेशनकार्डातलं नाव उडालेलं असतं. रात्री अकरापर्यंत फोन. मुलगी यंदा एसएसएलसीला, म्हणजे दहावीला आहे. मला कन्नड वाचता येत नाही, म्हणून पंचायतीचे कागद रात्री तीच वाचून दाखवते. मालक, म्हणजे माझे यजमान, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला जातात, माझ्या डिजिटल सहीचा डोंगल त्यांच्याकडेच असतो. सासूबाई म्हणतात, घर बुडवून गाव सुधारायला निघालीस. राजीनामा द्यावा का?
– एक अध्यक्षा

ताई,

राजीनाम्याचं नंतर बघू. दहावीची पोर रात्री पंचायतीचे कागद वाचत बसते, ते मात्र आजपासून बंद करा. तिचा अभ्यास बुडतो हे तर आहेच. पण अंदाजपत्रक, टेंडर, बिलं यातलं पंधरा वर्षांच्या मुलीला काय कळणार? ती अक्षरं वाचते, आणि त्या भरवशावर सही तुम्ही करता. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, पगारी अधिकारी आहेत. कागद समजावून सांगणं त्यांचं काम आहे. ‘सर, यात काय लिहिलंय ते मराठीत सांगा, मग सही करते,’ असं सरळ म्हणा. जो कागद कळला नाही तो टेबलावरच राहू दे, घरी आणू नका. ठराव लिहून झाला की सभेतच मोठ्यानं वाचायला लावा. कन्नड वाचणारा एखादा सदस्य शेजारी बसवून घ्या की, त्यात कसला कमीपणा?

आणि हळूहळू स्वतः वाचायला शिका. बाजारात, बसमध्ये कन्नड बोलतच असाल. वर्णमालेचा क्रम आपल्यासारखाच आहे, अ आ इ ई, क ख ग घ. सीमाप्रश्नाचं राजकारण आपल्या जागी राहू दे. सही करणाऱ्या बाईला कागद वाचता आला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

आता दारातली गर्दी. तुम्ही लिहिलेल्या तीन तक्रारींपैकी दोन पंचायतीच्या नाहीतच. गृहलक्ष्मीचे 2000 रुपये महिला व बालविकास खात्याकडून थेट बँकेत जातात. अडले तर अनेकदा आधार आणि बँक खात्याच्या जोडणीत अडतात, तिथं तुम्ही काही करू शकत नाही. रेशनकार्ड अन्न खात्याचं. जातीचा, उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीचा, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीचा. पाणी, दिवे, गटार, घराच्या नोंदीचा उतारा (नमुना 9-11) हे तुमचं. कुठल्या कामाला कुठं जायचं ते मराठी-कन्नड दोन्हीत मोठ्या अक्षरात लिहून पंचायतीच्या भिंतीवर लावा. म्हातारी बाई आली तर तिला नुसतं ‘तिकडं जा’ म्हणू नका, पंचायतीतल्या बापूजी सेवा केंद्रात, जिथं सरकारी अर्ज भरून घेतात तिथं, बसवून द्या. पण ते कार्यालयात, ठरलेल्या वेळेत. तुमच्या चुलीपाशी नाही.

पाण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण सकाळचं भांडण तिथंच असतं. पाणी आलं नाही की माणूस आधी अध्यक्षाच्या दारात येतो, कारण तुम्ही दार उघडता आणि वॉटरमन फोन उचलत नाही. मग तुम्ही त्याला फोन लावता, तो म्हणतो हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, लाइट नाही, मोटर चालत नाही. म्हणजे निरोप्याचं काम तेवढं तुमच्याकडे. वॉटरमनचा नंबर टाकीच्या भिंतीवर रंगवून घ्या. आधी त्याला फोन, दुपारपर्यंत सोय झाली नाही तर पीडीओंना, तरीही नाही झालं तर तुम्हाला. ही रीत ग्रामसभेत सांगा. महिनाभर लोक कुरकुरतील, ‘अध्यक्षा झाल्यावर मिजास आली’ असंही ऐकाल. ऐकून घ्या, पण रीत मोडू नका. एकदा मोडलीत की पुन्हा पहिल्यासारखंच.

पावसाळ्यात मध्यरात्री कुणाची मातीची भिंत पडली, कुणाला साप चावला, तर मात्र फोन उचला आणि निघा. गावानं तुम्हाला त्यासाठीच निवडून दिलंय. बाकी दिवशी रात्री आठनंतर फोन सासूबाईंच्या खोलीत ठेवा. अडचणीचा फोन कुठला, हे त्यांनाही कळतं.

डोंगल आजच मागून घ्या. मालक वाईट आहेत असं मी म्हणत नाही, तुमचे हेलपाटे वाचावेत म्हणूनच ठेवला असेल. पण पैशात काही घोळ झाला तर नोटीस तुमच्या नावानं येईल. मदत करायचीच तर घरात करू देत. सकाळचे दोन डबे, मुलीला ट्यूशनला सोडणं, गिरणीतून दळण आणणं. कर्नाटकात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना मिळाल्या, घरचं काम मात्र निम्मं कुणी वाटून घेतलं नाही. हे बोलणं सासूबाईंच्या समोरच करा. त्यांच्या टोमण्यामागं थकवाही असेल. तुम्ही बाहेर असता तेव्हा घर त्याच ओढतात. कुठलं काम जड जातं ते त्यांना विचारा आणि तेच आधी मालकांच्या वाट्याला द्या.

अध्यक्षपदाची मुदत 30 महिन्यांची, म्हणजे निम्मी संपत आली. दोन महिने असं करून बघा. तरीही जमत नसेल तर राजीनामा द्या, त्यात लाज नाही. पण कुणाच्या टोमण्यानं भडकून देऊ नका. परीक्षेच्या दिवसांत फक्त कार्यालयाच्या वेळेत भेटेन, हे ग्रामसभेत आत्ताच सांगून टाका. तुम्ही नसताना काम बघणं हे उपाध्यक्षांचं कामच आहे, त्यांनाही त्या तारखा आजच देऊन ठेवा.

– तुमची मावशी