जुन्या मासिकांत ‘नाव’ऐवजी सगळीकडे ‘नांव’ का छापलेलं असतं? ही छपाईची चूक आहे का?

चूक नाही. उलट त्या टिंबाला चूक म्हणणाऱ्या एका माणसाशी माझं सहा वर्षं बिनसलेलं आहे, म्हणून हे उत्तर जरा लांबणार.

‘नाम’मधल्या ‘म’चा ‘व’ झाला, पण नाकातला सूर मागे राहिला. तेच ते टिंब. ‘ग्राम’चं ‘गांव’ झालं तेही असंच, आणि कोकणीत हा सूर अजून ऐकू येतो. होडी या अर्थाची ‘नाव’ आली ‘नौ’वरून, तिला टिंब नव्हतंच. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात हे दोन शब्द वेगवेगळे आहेत. पुढे १९६२ साली साहित्य महामंडळाने नियम केले, उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, आणि नाम व होडी एकाच वेशात फिरू लागले.

आता माझं दुखणं. आमच्या आजोबांचा १९३८ सालचा एक प्रवासलेख मी स्मरणिकेसाठी अक्षर न् अक्षर टिंबांसकट टाइप करून दिला. संपादन थोरल्या मेहुण्यांकडे. निवृत्त शिक्षक, शुद्धलेखनाचे कडवे. त्यांनी एका रात्रीत सगळी टिंबं झाडून टाकली. मूळ वाक्य होतं, ‘ह्या गांवास नाव नाहीं.’ म्हणजे नदीकाठचं गाव, पण होडी नाही. छापून आलं, ‘ह्या गावास नाव नाही.’ एवढ्यावर थांबते तरी चाललं असतं. प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं की लेखकाने सौजन्य म्हणून गावाचं नाव गुप्त ठेवलं आहे! पुढच्याच परिच्छेदात लोक भोपळ्यांच्या सांगडीवर बसून नदी उतरतात. ते काय हौसेने?

मी बोललो तर म्हणाले, ‘नाम नपुंसकलिंगी, होडी स्त्रीलिंगी, वाचणाऱ्याला लिंगावरून कळतं.’ अहो, ‘नाही’ला कुठलं आलंय लिंग?

तुम्हाला जुने अंक शोधायचे असतील तर ‘नांव’ आणि ‘नाव’ दोन्ही घालून शोधा. ‘काही’ शोधताना ‘कांहीं’सुद्धा. स्कॅनवरून मजकूर ओळखणारी यंत्रं टिंबं गिळतात, तेव्हा मूळ पानाचं चित्र बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. आणि जुना ‘घरांत’ आजच्यासारखा अनेकवचनी समजू नका, तेव्हा एका घरालाही टिंब असायचं. लेख पुन्हा छापणार असाल तर जसाच्या तसा छापा. बदलायचाच असेल तर बदललाय हे पहिल्या पानावर लिहा. घरचे संपादक हे कधीच करत नाहीत.

हे मात्र सांगायला हवं की रोजच्या लिहिण्यात मीही टिंबं देत नाही. आणि त्याच लेखात आणखी एका ठिकाणी आजोबांनी, किंवा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याने, नाम या अर्थी ‘नाव’ असं बिनटिंबाचं छापलंय. मेहुण्यांना ते अजून सापडलेलं नाही. हे उत्तर त्यांच्यापर्यंत पोचलं तर शोधतीलच.