रिसेप्टर स्वतःच हार्मोन पकडतो, मग त्याला सहायक प्रथिन कशाला लागतं?

बहुतेक रिसेप्टरांना लागतही नाही. पण काही रिसेप्टरांत हे प्रथिन जोडीला नसेल तर रिसेप्टर कुठल्या हार्मोनचा हेच ठरत नाही, किंवा तो कामच करत नाही.

सीएलआर नावाचा रिसेप्टर घ्या. पेशीपटलातून सात वेळा आरपार गेलेलं हे प्रथिन. एकटं असलं की ते पेशीच्या आतच अडकतं, पृष्ठभागावर पोचत नाही. त्यामुळे त्याचं जनुक हाती आल्यावरही त्याचा हार्मोन कोणता, याचा घोळ बराच काळ चालला. १९९८ साली रॅम्प नावाची सहायक प्रथिनं सापडली आणि तो सुटला. रॅम्प तीन आहेत, आकाराने लहान, पटल एकदाच ओलांडणारी. रॅम्प-१ सोबत असेल तर सीएलआर सीजीआरपीचा (मायग्रेनमध्ये भूमिका असलेल्या हार्मोनचा) रिसेप्टर होतो; रॅम्प-२ किंवा रॅम्प-३ असेल तर अ‍ॅड्रेनोमेड्युलिन या रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या हार्मोनचा. जनुक तेच, हार्मोन वेगळा!

हे घडतं कसं? रॅम्प सीएलआरला पृष्ठभागापर्यंत नेतं, पण तिथे पोचवून बाजूला होत नाही. ते त्याच्या बाहेरच्या तोंडाला चिकटून राहतं. हार्मोनला त्याचा थेट स्पर्श फार कमी होतो. मोठा फरक पडतो तो सीएलआरचाच आकार किंचित बदलल्यामुळे. मायग्रेनवरची 'जेपंट' औषधं नेमकी सीएलआर आणि रॅम्प-१ यांच्यामधल्या खाचेत बसतात. माणसाच्या रॅम्प-१ मध्ये ७४व्या जागी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असतं, उंदरात लायसिन. एवढ्याशा फरकाने सुरुवातीची जेपंट उंदरांवर फारच कमी प्रभावी ठरली. औषध रिसेप्टरच्या जनुकाकडे पाहून नव्हे, जोडीकडे पाहून शोधावं लागतं, ते यामुळेच.

दुसरं उदाहरण एसीटीएचच्या (अ‍ॅड्रिनल ग्रंथीला कॉर्टिसॉल बनवायला लावणाऱ्या हार्मोनच्या) रिसेप्टरचं, म्हणजे एमसी२आरचं. तो साध्या संवर्धित पेशींत घातला की काम करत नसे, अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून आलेल्या पेशींत मात्र करायचा. गहाळ असलेला घटक, एमरॅप हे सहायक प्रथिन, २००५ मध्ये सापडला, आणि तोही रुग्णांमुळे: काही मुलांत कॉर्टिसॉल कमी, एसीटीएच प्रचंड, त्यामुळे त्वचा काळवंडलेली, पण एमसी२आरचं जनुक धडधाकट. बिघाड एमरॅपमध्ये होता. या प्रथिनाची रचनाही चमत्कारिक आहे: त्याचे दोन रेणू पटलात एकमेकांच्या उलट दिशेने उभे राहून जोडी करतात. एमसी२आरला पृष्ठभागावर आणायला ते लागतंच, शिवाय तिथे एसीटीएच पकडला जाण्यासाठीही लागतं.

रक्तातलं फॉस्फेट सांभाळणारा हार्मोन एफजीएफ-२३ आणि सहायक प्रथिन क्लोथो यांचंही असंच नातं आहे, फक्त तिथला रिसेप्टर वेगळ्या कुळातला.

तुम्ही स्वतः प्रयोग करत असाल तर एक सांगतो. एकाच रिसेप्टरचे निकाल दोन प्रकारच्या पेशींत जुळले नाहीत, तर हार्मोनच्या शुद्धतेवर संशय घेण्याआधी त्या पेशी मुळात कोणती रॅम्प बनवतात, ते तपासा.