‘वेठबिगारी’, ‘सक्तमजुरी’ की ‘सक्तीचे श्रम’?

प्रश्न : एका अमेरिकी कंपनीच्या भागधारकांनी मांडलेल्या ठरावाचा मराठी गोषवारा करताना, चीनच्या शिनजियांग प्रांतातील उइगुर या मुस्लिम अल्पसंख्याकांबाबत वापरल्या जाणाऱ्या ‘फोर्स्ड लेबर’ या संज्ञेसाठी मी ‘वेठबिगारी’ लिहिले. संपादकांनी ते खोडून ‘सक्तमजुरी’ केले. यांपैकी बरोबर कोणते?

उत्तर : माझ्या मते या ठरावापुरते दोन्ही शब्द टाळावेत आणि ‘सक्तीचे श्रम’ लिहावे.

‘सक्तमजुरी’चा निकाल लवकर लागतो. मराठीत ती न्यायालयाने सुनावलेल्या शिक्षेचा प्रकार आहे. ‘तीन वर्षे सक्तमजुरी’ म्हटले की आरोप, खटला आणि दोषसिद्धी हे सारे त्यात गृहीत असते. शिनजियांगमधून ‘अतिरिक्त श्रमबळ’ म्हणून कारखान्यांत पाठवल्या जाणाऱ्या माणसांवर असा कोणताही खटला चाललेला नसतो, आणि ‘सक्तमजुरी’ लिहिल्याने नकळत ती गुन्हेगार ठरतात.

‘वेठबिगारी’चा मोह मला समजतो, कारण शब्द जुना आणि धारदार आहे. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेली ‘वेठ’ आणि फारसीतून आलेली ‘बेगार’ हे दोन समानार्थी शब्द जोडून तो तयार झाला असून, दोहोंचा मूळ अर्थ मोबदला न देता करवून घेतलेले काम असाच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विष्टि आहे, आणि आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २३च्या इंग्रजी पाठातही ‘बेगार’ हा देशी शब्द तसाच ठेवलेला आहे. (बांधकामावरचा आजचा ‘बिगारी’ मात्र रोजंदारी घेतो; शब्द असे सरकतात.) पुढे १९७६च्या कायद्याने वेठबिगार पद्धत नष्ट केली ती प्रामुख्याने कर्जाच्या संदर्भात, त्यामुळे आज मराठी वाचकासमोर वेठबिगार म्हणून उभा राहतो तो उचल फेडण्यासाठी वीटभट्टीवर कुटुंबासह राबणारा मजूर.

म्हणजे या शब्दाला बिनपगारी आणि कर्जापोटी अशा दोन अर्थच्छटा चिकटलेल्या आहेत, आणि उइगुरांच्या बाबतीत नेमक्या त्याच अडचणीच्या ठरतात. त्यांना कारखान्यांत पाठवणाऱ्या सरकारी रोजगार योजनांतील अनेक कामगारांना पगार मिळतो, करारपत्रही असते. प्रश्न असा आहे की सरकारी अधिकारी घरी येऊन दूरच्या कारखान्यातील काम ‘देऊ’ करतात, तेव्हा नाही म्हणण्याची सोय त्या माणसाला असते का. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्त कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ रोजी प्रसिद्ध केलेल्या अहवालात या रोजगार योजनांचा संबंध ‘अतिरेकवादविरोधी’ धोरणाशी आणि कोंडून ठेवणाऱ्या ‘प्रशिक्षण केंद्रां’शी जोडून दाखवला असून त्यांत जबरदस्तीचे घटक दिसतात असे नोंदवले आहे. चीन सरकार हे सारे नाकारते आणि योजना दारिद्र्य निर्मूलनाच्या असल्याचे सांगते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३०च्या करारातील सक्तीच्या श्रमांच्या व्याख्येत वेतनाचा उल्लेखच नाही. शिक्षेच्या धाकाने करवून घेतलेले आणि माणसाने स्वेच्छेने न पत्करलेले कोणतेही काम, एवढीच ती व्याख्या आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८२ साली, एशियाडच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करावे लागणारे काम म्हणजे सक्तीचेच काम, असा अर्थ अनुच्छेद २३मधून काढला होता. काही पैसे मिळतात म्हणून सक्ती संपत नाही, हे तेथेही मान्य झाले.

हा भेद केवळ शब्दकोशातला नाही. फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीच्या, शिनजियांगची राजधानी उरुमची येथील प्रकल्पाबद्दल गुंतवणूकदारांनी धारेवर धरल्यानंतर कंपनीने तपासणी करवून घेतली. डिसेंबर २०२३मध्ये तिचे निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा समजले की तपासणीचा मुख्य आधार १९७ कर्मचाऱ्यांची करारपत्रे आणि वेतनाच्या नोंदी हा होता, जोडीला ४० मुलाखती होत्या, आणि सक्तीच्या खुणा आढळल्या नाहीत असे सांगण्यात आले. पाळत असलेल्या प्रदेशात मुलाखतीत कोण काय बोलणार, हा आक्षेप लगेच आला. २०२४च्या नोव्हेंबरात कंपनीने आर्थिक कारण देऊन तो प्रकल्प विकला. पगारपत्रक पाहून ‘वेठबिगारी नाही’ असे म्हणता येईल. ‘सक्तीचे श्रम नाहीत’ असे त्यावरून म्हणता येत नाही. आपण चुकीचा शब्द वापरला तर कंपनीला आयती पळवाट मिळते.

‘सक्तीचे श्रम’ या पर्यायातही एक उणीव आहे, ती सांगतो. ‘सक्तीचे शिक्षण’, ‘सक्तीची रजा’ यांमुळे ‘सक्तीचे’ हे विशेषण सौम्य, नियमातले वाटू शकते. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘धाकाने व बळजबरीने करवून घेतलेले श्रम’ असे सविस्तर लिहावे आणि पुढे ‘सक्तीचे श्रम’ ही संज्ञा चालवावी.

आता तुमच्या गोषवाऱ्यातील दुसऱ्या एका शब्दाबद्दल, जरी तुम्ही तो विचारलेला नाही. ‘ठराव पडला’ असे लिहिताना जपावे. सहकारी संस्थांच्या सभांमुळे आपल्याला एक सभासद, एक मत या हिशेबाची सवय असते. कंपनीत मते समभागांवर मोजली जातात, आणि अमेरिकेत किमान २,००० डॉलरचे समभाग तीन वर्षे धारण करणाऱ्यालाही सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर असा ठराव आणता येतो. तो बहुधा शिफारसवजाच असतो. ॲपलने २०२२च्या सभेतून सक्तीच्या श्रमांवरील ठराव वगळू देण्याची विनंती केली होती, ती अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने फेटाळली, आणि मार्चमधील मतदानात ठरावाला सुमारे एक तृतीयांश मते मिळाली. व्यवस्थापनाचा विरोध असताना एवढी मते पडतात याचा अर्थ मोठ्या गुंतवणूक निधींपैकीही काही बाजूने गेले. तेव्हा ‘बहुमत मिळाले नाही’ लिहून सोबत टक्केवारी द्यावी.

तुमचे वाक्य मी असे लिहीन : ‘कंपनीच्या पुरवठा साखळीत उइगुरांकडून धाकाने व बळजबरीने करवून घेतलेले श्रम (यापुढे ‘सक्तीचे श्रम’) कोठे वापरले जातात आणि ते रोखण्यासाठी कंपनीची धोरणे कितपत परिणामकारक ठरली, याचा अहवाल संचालक मंडळाने भागधारकांना द्यावा, अशी शिफारस ही सभा करीत आहे.’